क्रूझवरचं ऑनबोर्ड क्रेडिट: पैसे नक्की कोणाच्या खिशातून येतायत ते आधी बघा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच क्रूझला निघालाय, सात रात्री, कॅरिबियन, बाल्कनीची केबिन. क्रूझ लाईनच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या कंपनीच्या, स्वतःच्या साईटवर दोघांचं टॅक्ससकट भाडं ३,२०० डॉलर आणि सोबत ३०० डॉलर ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्च करायला मिळणारी रक्कम. त्याच केबिनचं दुसरं एक भाडं २,९५० डॉलर, त्यावर क्रेडिट काही नाही. एक एजंट म्हणतोय माझ्याकडून बुक करा, वर १२५ डॉलर मी देतो. आणि तिसरीकडे '१,००० डॉलरपर्यंत क्रेडिट' अशी भली मोठी जाहिरात. ३,२०० वाल्या भाड्यावर लाईनकडे थेट डिपॉझिट भरूनही झालंय आणि आता रुखरुख लागलीय की घाई केली का, अजून काही सुटतंय का, की हे सगळं आधीच भाड्यात चढवलेलं असतं.

मी गेली बरीच वर्षं क्रूझच्याच बुकिंगचं काम करते, म्हणजे मी एजंटच्या बाजूची आहे हे धरून वाचा. जिथे थेट लाईनकडे जाणं बरं आहे तिथे तसं सांगेनच.

सगळ्यात जास्त क्रेडिट कोण देतंय हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. विचारायचं ते असं, की सगळं धरून माझ्या हातून किती पैसे जातायत, आणि ते क्रेडिट मी जहाजावर खरंच खर्च करणार आहे का. तुमचेच आकडे घ्या ना. ३,२०० आणि २,९५० मध्ये फरक २५० चा, आणि त्या बदल्यात मिळतायत ३००. म्हणजे तुम्हाला ३०० फुकट मिळत नाहीयेत, तुम्ही २५० देऊन ३०० विकत घेताय. फायदा ५० डॉलरचा, तोसुद्धा सगळेच्या सगळे ३०० वापरले तर. दोनशेच वापरले गेले तर उलट ५० नी तोटा. जाहिरातीतला आकडा वाचताना ही वजाबाकी कोणी करत नाही आणि तिथेच माणूस फसतो.

आता वापरले जातील का? जहाजावर तुम्ही रोख देत नाही, केबिनचं कार्ड किंवा मनगटातला बँड दाखवायचा आणि सगळा खर्च तुमच्या खात्यावर चढतो. ड्रिंक्स, स्पा, फोटो, वायफाय, स्पेशालिटी रेस्टॉरंट (जिथे जेवणाचे वेगळे पैसे पडतात), किनाऱ्यावरच्या टूर, सगळं. क्रेडिट म्हणजे ह्या खात्यात आधीच जमा करून ठेवलेली रक्कम. पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटतं आपण ड्रिंक्स घेत नाही, स्पात जात नाही, मग आपल्याला काय उपयोग. पण ग्रॅच्युइटी, म्हणजे स्टाफची रोजची टिप, ती जवळपास सगळ्या मोठ्या लाईनवर आपोआप खात्यावर चढते, साध्या केबिनला माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर. १८ धरा, दोघांचे सात दिवसांचे झाले २५२. म्हणजे काहीही न घेता तुमचे अडीचशे डॉलर जहाजावर जाणारच आहेत, आणि बहुतेक लाईनवर ते क्रेडिटमधून वळते होतात. त्यामुळे तुमच्या बाबतीत ३०० वाया जायची भीती कमी आहे, फक्त एक काळजी घ्या, बुकिंगच्या वेळीच 'ग्रॅच्युइटी आधी भरा' वर टिक करू नका. ती आधी भरून टाकली की मग क्रेडिट संपवायला खर्च शोधत बसावं लागतं. हां, एक आहे, आधी भरली तर मधल्या काळात दर वाढला तरी बहुतेक वेळा जुनाच दर धरतात, तो फायदा आहे. पण खात्यात भरपूर क्रेडिट असेल तर मी लोकांना न भरण्याचाच सल्ला देते.

आता हे क्रेडिट मुळात असतंच का, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. मोठ्या क्रूझ लाईन एजंटांना लाईनच्या भाड्यापेक्षा कमी भावाची जाहिरात करू देत नाहीत. सगळीकडे भाडं एकच दिसलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. मग एजंटने गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं कसं? तो त्याच्या कमिशनमधला हिस्सा क्रेडिट म्हणून देतो, किंवा ग्रॅच्युइटी भरतो, किंवा नंतर गिफ्ट कार्ड पाठवतो, जसं कॉस्टको ह्या अमेरिकन दुकानांच्या साखळीचा ट्रॅव्हल विभाग त्यांच्या दुकानात चालणारं शॉप कार्ड देतो. भाडं तेच राहतं, मागच्या दाराने थोडे पैसे परत येतात. म्हणून मी म्हणते की प्रत्येक क्रेडिटचा खिसा ओळखा. लाईनचा खिसा वेगळा, एजंटचा वेगळा, बँकेचा वेगळा, आणि ह्यातले बरेच एकमेकांवर चढवता येतात.

लाईनचा खिसा तर वर आलाच. त्यात अजून एक सांगायचं म्हणजे जानेवारी ते मार्च ह्या काळाला ह्या धंद्यात वेव्ह सीझन म्हणतात, तेव्हा ऑफरांचा पाऊस असतो. भाडं त्याच काळात सगळ्यात कमी असतंच असं नाही, पण वरचं बरंच मिळतं. आणि हल्ली सुट्या क्रेडिटपेक्षा पॅकेज गळ्यात घालण्याकडे कल आहे. नॉर्वेजियनचं 'फ्री ॲट सी', हॉलंड अमेरिकाचं 'हॅव इट ऑल', प्रिन्सेसचं 'प्लस' आणि 'प्रीमियर', ही त्याच जातीची. ह्यात वायफाय, ड्रिंक्स, एखादं स्पेशालिटी जेवण असं एकत्र येतं. वाईट नाहीत, पण नीट वाचा. नॉर्वेजियनच्या 'फ्री' ड्रिंक्स पॅकेजवर २० टक्के सर्व्हिस चार्ज तुम्हीच भरता, आणि तो पॅकेजच्या पूर्ण छापील किमतीवर लावतात. दोघं ड्रिंक्स घेणारे असाल तर तरीही स्वस्त पडेल. घेणारे नसाल तर त्या पॅकेजचं तुमच्या लेखी मोल शून्य, मग साधं भाडं आणि थोडं क्रेडिट हेच बरं.

एजंटचा खिसा हा मला जवळून माहीत असलेला भाग, म्हणून जरा विस्ताराने लिहिते. कमिशन पूर्ण भाड्यावर मिळत नाही. तुमच्या २,९५० मधले काही पैसे टॅक्स आणि पोर्ट फी, त्यावर कमिशन नाही. राहिलेल्या भाड्यातला एक भाग लाईन 'नॉन-कमिशनेबल' म्हणून बाजूला काढते, त्यावरही नाही. समजा हे सगळं जाऊन २,२०० उरले. एजन्सीच्या उलाढालीप्रमाणे त्यावर १० पासून १६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे १५ धरले तर ३३०. घरून काम करणारा एजंट एखाद्या मोठ्या एजन्सीच्या छत्राखाली असेल तर ह्यातला वाटा तिकडे जातो. हा हिशोब डोक्यात ठेवा आणि मग बघा, १२५ डॉलर देणारा माणूस त्याच्या कमाईतला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग तुम्हाला देतोय. ही चांगली ऑफर आहे. त्याला ताणून २५० करायला लावलंत तर एक तर तो नाही म्हणेल, नाहीतर हो म्हणेल आणि नंतर तुमचा फोन उचलायला त्याच्याकडे वेळ नसेल. फ्लाईट चुकली, केबिनमध्ये गळती निघाली, नाव चुकीचं छापलं, अशा वेळी तो फोन उचलणारा माणूस लागतो.

आणि ह्याच हिशोबाने '१,००० डॉलरपर्यंत' चा उलगडा होतो. तुमच्या केबिनवर अख्खं कमिशन दिलं तरी हजार होत नाहीत. मग ते येतील कुठून? ते हजार असतात मोठ्या सुईटला, महिनाभराच्या सफरीला, वीस-पंचवीस हजारांच्या बुकिंगला. 'पर्यंत' हा शब्द तिथे त्यासाठीच आहे. जाहिरात खोटी नसते, फक्त ती तुमच्या केबिनची नसते. तिथे तुमची तारीख आणि केबिन टाकून शेवटच्या पानापर्यंत जा, तुमच्या वाटचा आकडा तिथे दिसेल, आणि तो बहुतेक ५० ते १५० च्या मध्ये कुठेतरी असेल.

कमिशनशिवाय एजंटकडे अजून दोन गोष्टी असतात ज्या तुम्ही विचारल्याशिवाय कळत नाहीत. एक म्हणजे ग्रुपच्या केबिन. एजन्सी वर्ष-दीड वर्ष आधी एखाद्या सफरीच्या काही केबिन ग्रुप म्हणून अडवून ठेवते. त्या ग्रुपला लाईन पॉइंट्स देते, ते पॉइंट्स एजन्सी केबिनमागे क्रेडिट किंवा रेस्टॉरंटमधल्या जेवणाच्या रूपात वाटते. तुम्हाला ग्रुपमधल्या कोणाशी बोलायचंही बंधन नसतं, एकत्र जेवायचं नाही, काही नाही, फक्त बुकिंग त्या ग्रुपखाली येतं. शिवाय केबिन अडवली त्या वेळचा भाव बरेचदा धरलेला असतो, त्यामुळे आजच्यापेक्षा कमीही निघतो. बऱ्याच लाईन साधारण दर १६ माणसांमागे एका माणसाचं भाडं ग्रुपला सोडतात, ते पैसेसुद्धा काही एजन्सी सगळ्यांत वाटतात. आठ-दहा जोडपी मिळून जाणार असाल तर ही गोष्ट स्वतःहून काढा, कारण तेव्हा तो फायदा सरळ तुमचा आहे.

दुसरी गोष्ट कन्सॉर्शियमची. व्हर्च्युओसो, सिग्नेचर, एन्सेम्बल अशी एजन्सींची जाळी आहेत, त्यांनी लाईनशी आधीच बोलून ठेवलेलं असतं, ठरावीक सफरींवर त्यांच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट किंवा एक फुकट टूर. हे एजंटच्या खिशातून जात नाही, त्यामुळे तो आनंदाने देतो, फक्त तुमची सफर त्यांच्या यादीत असायला हवी. मोठ्या, महागड्या लाईनवर हे जास्त सापडतं. सात रात्रींच्या कॅरिबियनवर कमी, पण विचारायला काही जात नाही.

विचारायचं कसं तेही सांगते, कारण 'बेस्ट डील काय द्याल?' असा मेसेज आला की माझ्यासारखी माणसं त्याला सगळ्यात शेवटी उत्तर देतात. असं लिहा: 'अमुक जहाज, अमुक तारीख, दोन मोठी माणसं, बाल्कनी, शक्यतो मधल्या डेकवर. लाईनच्या साईटवर टॅक्ससकट २,९५० दिसतंय, क्रेडिट नाही. ह्या सफरीला तुमचा ग्रुप आहे का? नसेल तर तुमच्याकडून वर काय मिळेल ते केबिनमागे किती डॉलर, रिफंडेबल आहे का, आणि रद्द केलं तर तुमची स्वतःची फी किती, एवढं लिहून कळवा.' चार ओळी, सगळे आकडे आत. असा मेसेज वाचला की एजंटला कळतं की समोरचा खरंच बुक करणार आहे. दोन-तीन एजंटना पाठवा, दहांना नको.

शेवटची ती फी विसरू नका. भरघोस क्रेडिट देणाऱ्या काही एजन्सी बुकिंग रद्द केलं किंवा बदललं तर लाईनच्या दंडाशिवाय स्वतःचे पैसे कापतात. आणि डिपॉझिट भरल्यावर कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव क्रूझ लाईनचं आलंय का ते बघा. एजन्सीचं आलं असेल तर पैसे पुढे गेलेत का ह्याची खात्री लाईनकडून करून घ्या. उद्या एजन्सी बुडाली तर ह्या एका गोष्टीने फार फरक पडतो.

आता एजंट आणि लाईन सोडून बाकीचे खिसे.

शेअरहोल्डरचा फायदा बऱ्याच लोकांना माहीत नसतो. कार्निव्हल कॉर्पोरेशन, रॉयल कॅरिबियन ग्रुप आणि नॉर्वेजियन क्रूझ लाईन होल्डिंग्ज, तिन्ही कंपन्या १०० शेअर असणाऱ्याला केबिनमागे क्रेडिट देत आल्यात. छोट्या सफरीला ५० डॉलर, आठवड्याच्या सफरीला १००, दोन आठवड्यांच्या पुढच्या लांब सफरीला २५० पर्यंत. कार्निव्हल कॉर्पोरेशनमध्ये प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, क्युनार्ड वगैरेही येतात, रॉयलमध्ये सेलिब्रिटी येते. शेअर असल्याचा पुरावा निघायच्या पुरेसा आधी पाठवावा लागतो, आपोआप काही होत नाही, आणि प्रत्येक कंपनीच्या अटी दर काही काळाने नव्याने जाहीर होतात त्या त्या वेळी बघून घ्या. पण केवळ क्रेडिटसाठी शेअर घेऊ नका. २०२० च्या सुरुवातीला कार्निव्हलचा शेअर ५० डॉलरच्या आसपास होता, एप्रिल उजाडेपर्यंत दहाच्याही खाली गेला. शंभर शेअरवाल्याचे चार हजार डॉलर गेले, त्यापुढे १०० डॉलरचं क्रेडिट म्हणजे काय. शेअर आधीच असतील तर मात्र हक्काने मागा, कित्येक जण वर्षानुवर्षं शेअर बाळगून हे मागतच नाहीत.

कार्डाच्या बाजूने बघायचं तर अमेरिकन एक्स्प्रेसच्या प्लॅटिनम कार्डावर, त्यांच्याच ट्रॅव्हल विभागातून पाच किंवा जास्त रात्रींची सफर घेतली तर ठरावीक लाईनवर केबिनमागे १०० ते ३०० डॉलर क्रेडिट मिळत आलंय. मग ह्यात एजंटचे १२५ मिळणार नाहीत, दोन्हीपैकी एकच, कारण बुकिंग एकाच दारातून होतं. गिफ्ट कार्डांचा मार्ग त्याहून सोपा: लाईनचीच गिफ्ट कार्डं कुठे सवलतीत मिळाली तर ती घेऊन भाडं भरायचं. हे कोणत्याही ऑफरवर चालतं कारण ते फक्त पैसे भरायचं साधन आहे. फक्त बुकिंग रद्द झालं तर पैसे गिफ्ट कार्डाच्याच रूपात परत येतात, त्यामुळे जायचं पक्कं झाल्यावर, फायनल पेमेंटलाच ती वापरा. अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या किंवा होऊन गेलेल्यांना प्रिन्सेससारख्या काही लाईन वेगळं क्रेडिट देतात, घरात कोणी असेल तर विचारा. कॅसिनोच्या फुकट केबिनबद्दल मात्र मी काही सुचवणार नाही, त्या ऑफरा आधी कॅसिनोत भरपूर पैसे लावून खेळलेल्यांना येतात.

आणि एक खिसा जहाजावरच असतो, तो तुम्हाला पुढच्या वेळी लागेल. मोठ्या लाईनच्या बहुतेक जहाजांवर पुढच्या क्रूझचं डेस्क असतं. तिथे थोडं डिपॉझिट ठेवलं, प्रिन्सेसवर माणशी १०० डॉलर, नॉर्वेजियनवर २५० चं सर्टिफिकेट घेतलं, तर पुढच्या बुकिंगवर क्रेडिट किंवा सूट मिळते, आणि काही लाईनवर तारीखही लगेच ठरवावी लागत नाही. डिपॉझिट परत मिळणारं आहे का एवढं विचारा आणि तुमच्या एजंटचं नाव तिथेच बुकिंगला लावायला सांगा, म्हणजे लाईनचं क्रेडिटही मिळतं आणि वर एजंटचंही. शेवटच्या दिवशी त्या डेस्कसमोर रांग लागते, मधल्या एखाद्या समुद्रातल्या दिवशी सकाळी जाऊन या.

आतापर्यंतचं एकत्र करायचं तर लाईनची ऑफर, एजंटचं देणं, शेअरहोल्डरचं क्रेडिट आणि सवलतीतलं गिफ्ट कार्ड ही चार बरेचदा एकाच बुकिंगवर बसतात, पण 'बरेचदा' म्हणतेय. काही खास कमी भावाच्या भाड्यांवर शेअरहोल्डरचं क्रेडिट चालत नाही, काही ऑफरा एकमेकांसोबत चालत नाहीत, आणि तुम्ही कोणत्या देशात राहता ह्यावरही बरंच ठरतं. अमेरिका-कॅनडाच्या रहिवाशांसाठीची ऑफर दुसरीकडून बुक करणाऱ्याला लागूच नसते. म्हणून पैसे भरायच्या आधी प्रत्येक क्रेडिटबद्दल 'हे बाकीच्यांसोबत चालतं का' एवढंच विचारायचं.

मिळालेलं क्रेडिट कोणत्या जातीचं आहे हे बघायला कन्फर्मेशनचं पान उघडा. भाडं, टॅक्स, पोर्ट फी ह्यांच्या खाली कुठेतरी ऑनबोर्ड क्रेडिटची ओळ असते. तिच्यापुढे रिफंडेबल आहे की नॉन-रिफंडेबल ते लिहिलेलं असतं किंवा एखादं छोटं चिन्ह असतं ज्याचा खुलासा तळाशी असतो. रिफंडेबल म्हणजे उरलेले पैसे शेवटी तुम्हाला परत. नॉन-रिफंडेबल म्हणजे शेवटच्या रात्री खातं बंद होतं तेव्हा जे उरलं ते गेलं. आणि लाईन स्वतः जे देते ते बहुतेक दुसऱ्या जातीचं असतं. शेवटच्या संध्याकाळी जहाजावरच्या दुकानात गर्दी असते ती ह्याचीच. लोक ३८ डॉलर उरले म्हणून ४५ चा टी-शर्ट घेतात, वरचे सात स्वतःचे घालून, आणि तो टी-शर्ट त्यांना मुळात नको असतो. हे टाळायला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर खातं बघा, उरतंय असं वाटलं तर एखादी टूर किंवा एक चांगलं जेवण तेव्हाच ठरवा. क्रेडिट दिसलं नाही तर पहिल्याच दिवशी गेस्ट सर्व्हिसेसला जा, कन्फर्मेशनचा कागद हातात घेऊन. उतरल्यावर भांडून काही होत नाही.

एजंटने दिलेलं क्रेडिट बुकिंगवर लगेच दिसत नाही हेही सांगून ठेवते. कमिशन हातात यायला वेळ असतो, त्यामुळे तो ते फायनल पेमेंटनंतर, कधी निघायच्या दोनेक आठवडे आधी चढवतो. म्हणून ते ईमेलवर लेखी असलं पाहिजे, रकमेसकट.

अजून एक जागा आहे जिथे क्रेडिटचं मोल घसरतं. ड्रिंक्स पॅकेज, वायफाय, टूर ह्या गोष्टी निघायच्या आधी ऑनलाईन घेतल्या तर अनेक लाईनवर जहाजावरच्यापेक्षा स्वस्त असतात, आणि मध्येमध्ये त्यांवर सेल येतात. पण काही क्रेडिटं अशी असतात की ती फक्त जहाजावर चढल्यावरच वापरता येतात. तेव्हा १०० डॉलरच्या क्रेडिटसाठी जहाजावर महाग भावाने पॅकेज घेणं म्हणजे हातचं घालवणं. जे आधी स्वस्त मिळतं ते आधी घ्या, क्रेडिट ग्रॅच्युइटीला ठेवा. रॉयल कॅरिबियनवर अल्कोहोलचं पॅकेज एकाने घेतलं तर केबिनमधल्या सगळ्या मोठ्यांना घ्यावं लागतं, तुमच्यात एकच जण घेणारा असेल तर हे मुद्दाम लक्षात ठेवा.

आणि बुकिंग झालं म्हणजे काम झालं असं नाही. फायनल पेमेंट साधारण निघायच्या ९० दिवस आधी असतं, लाईन आणि सफरीप्रमाणे ७५ ते १२० पर्यंत. तोपर्यंत अमेरिकेतून केलेल्या बुकिंगवर भाव उतरला तर नवा भाव मागता येतो. पंधरा-वीस दिवसांनी एकदा बघत जा. पण नवा भाव घेतला की जुनी ऑफर जाते, आणि इथे लोक घाईत चूक करतात: भाव १२० नी उतरला म्हणून बदलून घेतात आणि सोबतचे ३०० चे क्रेडिट निघून जातं. बदल करायच्या आधी नवं कन्फर्मेशन तात्पुरतं पाठवायला सांगा, दोन्ही शेजारी ठेवा, मगच हो म्हणा. फायनल पेमेंटनंतर भाव पडला तर पैसे परत सहसा मिळत नाहीत, पण फोन करून सौजन्याने विचारलं तर कधी वरच्या दर्जाची केबिन किंवा थोडं क्रेडिट मिळून जातं, ते सर्वस्वी लाईनच्या मर्जीवर.

आता तुमचं थेट भरलेलं डिपॉझिट. इथे दोन रस्ते आहेत. पहिला, तेच बुकिंग एजंटकडे ट्रान्सफर करणं. बऱ्याच लाईन हे ठरावीक दिवसांत आणि पूर्ण पैसे भरायच्या आधी करू देतात, एक फॉर्म असतो, तो एजंटच पाठवतो. ह्यात केबिन, भाव, लाईनचं क्रेडिट जसंच्या तसं राहतं आणि वर त्याचे १२५ येतात. त्याला आधी विचारा की ट्रान्सफर बुकिंगवरही तेवढेच देणार का, काही जण कमी देतात. हे जमलं तर तुमचा हिशोब ३,२०० वजा ३०० वजा १२५, म्हणजे २,७७५ ला येतो, आणि २,९५० वाल्या भाड्यावर १२५ धरले तर २,८२५. म्हणजे तुम्ही घेतलेलं भाडं चुकीचं नव्हतं, ग्रॅच्युइटी क्रेडिटमधून जाऊ द्यायची एवढंच. दुसरा रस्ता, ट्रान्सफरची मुदत गेली असेल तर एजंटकडे नवं बुकिंग करून मग जुनं रद्द करणं. क्रम हाच, उलटा नाही, आणि त्याआधी नव्या बुकिंगला आजही तीच ऑफर लागू आहे ना ते बघून. पण हा रस्ता फक्त डिपॉझिट रिफंडेबल असेल तरच. काही लाईनवर स्वस्त भाडं नॉन-रिफंडेबल डिपॉझिटचं असतं आणि थोडं महाग भाडं रिफंडेबल, त्यामुळे तुमचं ३,२०० वालं परत मिळणारं असायची बरीच शक्यता आहे, पण अंदाजावर जाऊ नका. आजच कन्फर्मेशनमध्ये डिपॉझिटची ती ओळ आणि भरल्याची तारीख बघा आणि मला कळवा, मग एजंटला नक्की काय लिहायचं ते सांगते. ट्रान्सफरचे दिवस मोजके असतात, तेव्हा ह्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका.